शून्य सेकंदांची दाढ

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका गाल धरून बसल्या होत्या. सोबत लॅपटॉपवाली भाची.

“आत्या, माझा प्रोग्रॅम चाळीस सेकंद घ्यायचा, आता शून्य घेतो!”

“काय केलंस एवढं?”

“कंपायलर आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो ना, त्याला सांगितलं, वेग सगळ्यात वरचा ठेव. मग तो फालतू कामं गाळतो.”

“फालतू कुठलं, हे कोण ठरवतं?”

“तोच. हुशार आहे तो.”

“माझ्या वर्गातली हुशार कार्टीही हेच करायची. उत्तर काय आलं?”

“उत्तर छापलंच नाही. मला फक्त वेळ मोजायचा होता.”

“म्हणजे पाढे लिही म्हणालीस, आणि वही बघणार नाही हेही सांगून टाकलंस?”

“अगं बाई! उत्तर कुणालाच नको म्हणून त्यानं सगळी आकडेमोडच गाळली!”

“गधडे, कुणी जेवणार नसेल तर माझाही स्वयंपाक शून्य सेकंदांत होतो.”

“साहेबांना कळवून बसलेय गं. चार वाजता सगळ्यांसमोर दाखवायचंय.”

“मग रडतेस काय? उत्तर छापायला सांग आणि पुन्हा मोज.”

“थांब... आलं. उत्तर बरोबर आहे. अकरा सेकंद.”

“चाळिसाचे अकरा झाले की! तेच कळव.”

“हसतील सगळे.”

“हसू देत. चार वाजता हसण्यापेक्षा आत्ता हसलेले बरे.”

“पाठवलं. आत्या, तुझा नंबर आला. डॉक्टर म्हणतात, दोन मिनिटांत दाढ निघेल.”

“काढलेली दाढ आधी दाखवा म्हणावं, मग वेळ सांगा.”