आबा, दामूअण्णा आणि कादंबरीतली सून

आमच्या आबांचं सांगते. त्यांनी आणि दामूअण्णांनी एकच कादंबरी वाचली. तिच्यातली सून शेवटी घर सोडते. आबा म्हणाले चूक, दामूअण्णा म्हणाले बरोबर, आणि तिकोणा पेठेतल्या या जुन्या दोस्तांचं बोलणंच बंद! मला बघवेना. आबांच्या फोनवर एआय टाकून दिलं, म्हटलं, पुस्तकावर याच्याशी बोला.

आबांनी आपलं मत सांगितलं, तर ते म्हणालं, "तुमचं अगदी बरोबर आहे."

आबा खूश! फोन घेऊन थेट अण्णांच्या ओट्यावर. अण्णांनी शांतपणे आपला फोन पुढं केला. त्यांनीही एआयला विचारलेलं, आणि त्यांनाही त्यानं 'तुमचं अगदी बरोबर आहे' असंच सांगितलेलं!

आबांनी फोन खिशात टाकला. "ह्यो तर सगळ्यांच्याच हो ला हो करतोय. दामू, तू चुकलायसच. पन तू निदान भांडतोस तरी. च्या ठेव, मग भांडू."