द्वारकाबाईच्या खाटेवर मी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच महालिंगप्पा, मंचावरचे दवाखान्यातले साहेब लोक, जिच्यासाठी आपण जमलो ती आपली भैरवी मॅडम, आणि अणदूरच्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो! मी बलभीम. भाषण लिहायला फार उशीर केला, आधी त्याची माफी असावी. चौथीपर्यंतचं शिक्षण, सकाळी लिहायला बसलो तो आत्ता उठलो. मॅडमची बदली झाली, पण त्यांच्या जागी कोण येणार ते कुणीच सांगत नाही. मला त्याचाच घोर लागलाय.

कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जायचं, काय झेपेल ते डॉक्टरांना विचारायचं आणि ज्याला जो सोसेल तो व्यायाम लावून द्यायचा, हे मॅडमचं काम. माझ्या बायकोचं, द्वारकाबाईचं, छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी सांगितलं, रोज अर्धा तास चाला, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्या.

आता मला सांगा, आपल्याकडं आजाऱ्यानं चालायचं असतं का? लोक फळं घेऊन भेटायला येतात. त्यांना खाटेवर कुणीतरी नको का? पहिल्याच दिवशी ही चालायला गेली आणि वाशीची माझी चुलत बहीण दारात! बायकोला हिंडायला लावलं म्हणून ती गावभर सांगेल, या भीतीनं मी काय केलं, अध्यक्ष महाराज? हिची चादर डोक्यावरून घेतली आणि खाटेवर आडवा झालो.

बहीण पाय धरून रडली. "वहिनी, लई वाळलाव वो! पाय तर पार गड्यावानी झाले." मी कण्हलो.

पेशंट बोलत नाही, तोंड दाखवत नाही, असं गावात पसरलं. मग माणसं आणखी वाढली. अकरा दिवस ही चालायला गेली की मी चादरीखाली कण्हत होतो, हिला पत्ताच नाही. साहेब, शेवटी शेवटी मला खरंच बरं वाटेना.

बाराव्या दिवशी मॅडमनी येऊन सगळ्यांदेखत चादर ओढली.

"काका, पेशंट कुठं आहे?"

"खंडोबाकडं. चालायला."

"मग तुम्ही?"

"मी भेटायला आलेल्यांसाठी."

तेवढ्यात द्वारकाबाई दारात. "अगं बया! ह्यांला काय झालं? माणसं का रडायलीत?"

हसू नका सरपंच, तुम्हीही त्यात होता.

त्या दिवशी मॅडमनी नियम केला. भेटायला येईल त्यानं बसायचं नाही, तिच्यासंगं चालायचं. आता भेटणारे कमी झाले, पण जे येतात ते तब्येतीनं सुधारलेत.

सोमवारपासून हिचं रेडिएशन सुरू होईल. तेव्हा व्यायाम बदलावा लागेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तो कोण सांगणार? ही रोज भिंतीपाशी उभी राहून मला विचारते, "अजून वर नेऊ का?" आणि मी भिऊन म्हणतो, "पुरे, पुरे." माझ्या भरवशावर तिचा हात खांद्याच्या वर कधीच जायचा नाही.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हातारा म्हणून पोटात घाला. आणि मॅडम, तुमच्या जागी कोण येणार, त्याचा सोमवारच्या आत निरोप धाडा. तिचा हात वर न्यायला माझ्यापेक्षा कमी भित्रं माणूस पाहिजे.