ओढ्याकाठचा लाल पट्टा

तिकिटाच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक मामा उभे होते. भाची धापा टाकत आली आणि तिनं त्यांची बाहीच धरली.

"मामा, काळ्या सालीच्या झाडाची रोपं सापडली. ओढ्याकाठी, बोटाएवढाली."

"आधी दम खा. तोडीनंतर जंगल पुन्हा गच्च झालंय, मग दोन रोपांचं काय कौतुक?"

"गच्च आहे, पण सगळी त्याच चार जातींची. ऊन मिळालं की सरसर वाढणारी. बाकीच्या जातींची आई-झाडं तुम्ही लाकडासाठी नेलीत."

"मी कुठं नेली? मी आपला तोडायच्या झाडांवर रंग मारतो."

"म्हणूनच पळत आले. याची बी जड, आईच्या पायाशीच पडते. म्हणजे आई तिथंच असणार. ओढ्याकाठी काही रंगवलंय तुम्ही?"

"काल एकाला लाल पट्टा मारला."

"साल?"

"काळी."

"मामा, तोड कधी आहे?"

"उद्या सकाळी."

"पट्टा बदलता येईल?"

"बियाण्याचं झाड म्हणून पांढरा मारला, तर त्याला कुणी करवत लावत नाही. ते माझ्याच हातात आहे. पण गावी तुझी मामी महिनाभर वाट बघतेय."

"मामीला मी सांगते."

"सांग, आणि बोलणीही तूच खा." मामा मागे वळले. "ताई, तुम्ही पुढं व्हा. मी आज गावी जात नाही."

"मामा, पडाल, हळू."

"हळू काय? रंगाचं दुकान बंद होईल. पाय उचल."

"बाई, कुठलं तिकीट देऊ?" खिडकीतून दुसऱ्यांदा विचारणा झाली. शिंपीणबाई अजून रस्त्याकडेच बघत होत्या.