सात किलोंच्या आत

झामनदास : तीन किलोची आहे तर काय झाला, मास्तरसाब? असली कापूस आहे. माझा बाप सिंधमधून आला तेव्हा अशीच रजई डोक्यावर घेऊन आला होता.

शालन : ते एकदाच आले, झामनशेठ. सरांना ही आठ दिवस पाठीवर वाहायची आहे. चढावर.

(उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. सन १९९३ च्या वैशाखातील एक सकाळ. बदलापूरच्या शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले अण्णा, वय सदुसष्ट, झामनदास यांच्या कापडाच्या दुकानात बाकावर बसले आहेत. पायांशी त्यांची भरलेली सॅक. शेजारी त्यांची जुनी विद्यार्थिनी शालन. ती अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे आणि तेथील गिर्यारोहण मंडळाची या वर्षीची लीडर. अण्णांनी डोक्यावरची काळी टोपी आतापर्यंत दोनदा सारखी केली आहे; मनात धाकधूक असली की ते असेच करतात.)

अण्णा : शालन, या सद्गृहस्थांना आपली अट एकदा नीट सांग. म्हणजे ते आपल्याला गाद्या दाखवायचे थांबतील.

शालन : साठीच्या पुढच्या मेंबरची सॅक सात किलोंच्या आत पाहिजे, झामनशेठ. आणि ती त्यानंच वाहायची. डॉक्टरांनी तेवढ्यावरच सही केलीय. सरांची सॅक आता सहा किलो पन्नास ग्रॅम आहे. पांघरूण सोडून.

झामनदास : म्हणजे साडेनऊशे ग्रॅमचा पांघरूण? अडी, एवढा तर माझा लेंगा आहे!

अण्णा : मी पोथीसुद्धा काढून ठेवली. जे तोंडपाठ आहे ते पाठीवर कशाला, असा विचार केला.

झामनदास : आणि साईं, या उमरमध्ये बरफात जायचा शौक कशाला?

अण्णा : छत्तीस वर्षं मुलांना हिमालयाचं वर्णन शिकवलं. शुभ्र शिखरं, देवदारांची वनं, गंगेचे तुषार, सारं. मुलं विचारायची, "सर, तुम्ही पाहिलाय का?" मी म्हणायचो, "पुढल्या ओळीकडे चला." त्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं आहे, शेठ.

शालन : यादी आज संध्याकाळी मंडळात द्यायचीय. सरांचं जमलं नाही तर सोनिवलीचे शंकरराव वेटिंगवर आहेत. त्यांची सॅक कालच तयार झाली.

झामनदास : बरं बरं. मग ही फायबरवाली बघा. दीड किलो.

शालन : नाही चालणार.

झामनदास : मॅडम, तुम्ही तर कस्टमवाल्यासारखं बोलते. गुरूला थोडा सूट द्या ना!

शालन : सूट? दहावीच्या चाचणीत सरांनी मला चौऱ्याहत्तर मार्क दिले होते. पंच्याहत्तरला बक्षीस होतं. मी रडले, घरून आई आली. सर काय म्हणाले, विचारा त्यांना.

अण्णा : मी म्हणालो, "सरस्वतीबाई, तुमच्या मुलीची एक ओळ राहिली आहे. ती ओळ मी कुठून आणू?"

शालन : आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेतलं. वार्षिकला नव्वद. सगळे म्हणत होते, आमच्या वस्तीतल्या मुलीला संस्कृत कशाला. सर एकटेच म्हणत होते, अजून दहा कुठे गेले.

अण्णा : कुठे गेले ते तू अद्याप सांगितलेलं नाहीस.

झामनदास : हां! म्हणजे बदला चालू आहे.

शालन : बदला नाही, शेठ. शिकवणी. ते पोटमाळ्यावर निळं काय दिसतंय?

झामनदास : ते? ते राहू द्या. ते माझा पाप आहे.

शालन : काढा तरी.

झामनदास : बदकाच्या पिसांची रजई. एक्स्पोर्टवाल्या पार्टीचा ऑर्डर बुडाला, कापड आणि पिसं माझ्या गळ्यात. मी म्हटलं, शिवून टाकू. बारा नग शिवले, बाराचे बारा घरी परत. पिसंच खराब आहेत साली. गळतात.

शालन : बघू. सर, हात घाला. चिमटीत धरा. काड्या टोचतात का?

अण्णा : नाही. काहीच लागत नाही. ढगाला चिमटा घ्यावा तसं वाटतं.

शालन : म्हणजे पंखाची पिसं नाहीत, पोटाची लव आहे. आता मुठीत दाबा... सोडा.

अण्णा : अहाहा. उठून बसली की ही!

शालन : ऊब लवेची नसते, सर, तिनं अडवलेल्या हवेची असते. म्हणून दाबली गेली की संपली. आणि म्हणूनच हिला स्लीपिंग बॅगसारखा खालचा भाग नाही. अंगाखाली लव दबणारच, मग ती वाहायची कशाला? खाली फोमची चटई, वर ही. फक्त भिजवायची नाही.

अण्णा : जे कामी येत नाही ते शिवलेलंच नाही. उत्तम. पण शालन, हे बदक...

झामनदास : कोणीतरी खाल्लाच असेल, मास्तरसाब. खोटं कशाला बोलू?

शालन : सर, तुमची पूजेची धाबळी कुठल्या झाडाला लागते?

अण्णा : मेंढी जिवंत राहते, बाळ. हा फरक लहान नाही. ...पण खाणाऱ्यानं जे उकिरड्यावर टाकलं असतं ते कुणाचं तरी थंडीपासून रक्षण करणार असेल, तर त्या पक्ष्याला नमस्कार करून मी ते पांघरीन. वजन किती भरतं?

झामनदास : चिंध्या तोलायचा काटा आहे. थांबा... नऊशे तीस ग्रॅम!

अण्णा : सहा किलो नऊशे ऐंशी! शालन, बसलं!

शालन : आधी झटकून बघू द्या. शेठ, पंखा बंद करा.

झामनदास : वैशाखात पंखा बंद? ...बरं. केला.

शालन : एक... दोन... तीन...

झामनदास : मास्तरसाब! टोपीवर बर्फ पडला!

शालन : सर, हे बघा. तीन झटक्यांत एवढी. आठ रात्रींनंतर नुसतं कापड उरेल. बारा हजार फुटांवर मी तुम्हाला हिच्या भरवशावर झोपवणार नाही. सॉरी.

अण्णा : सॉरी म्हणू नकोस. लीडरनं असंच बोलावं.

शालन : पुढच्या वर्षी...

अण्णा : पुढच्या वर्षी डॉक्टर सात किलोंवर सही करतील का, ते तू मला सांगू नकोस, मीही तुला विचारत नाही. जरा ती रजई इकडे दे.

झामनदास : चहा सांगू?

अण्णा : थांबा, शेठ. कापड पाहा. मधोमध एकही पीस बाहेर नाही. जी आली ती सारी शिवणीच्या रेषेवर. दोष पिसांचा नव्हे. हे कुणी शिवलं?

झामनदास : माझा सदू कारागीर. एक नंबर हात आहे. दिवसाला चाळीस जीन्स काढतो.

अण्णा : आणि सुई?

झामनदास : सुई? जी मशीनला होती ती. अठरा नंबर.

शालन : अहो शेठ! डेनिमच्या सुईनं रेशमासारखं कापड शिवलं? प्रत्येक टाक्याला खिडकी ठेवलीत तुम्ही!

झामनदास : इथे दुसरी सुई कोण ठेवतो? पूरा कॅम्प अठरा नंबरवर चालतो!

अण्णा : शाळेच्या ग्रंथालयातली चारशे पुस्तकं मी या हातांनी बांधली आहेत. आरंभी माझी सुईही अशीच जाड होती. छिद्र राहायचं आणि तिथून कसर शिरायची. मग एका म्हाताऱ्या बांधणाऱ्यानं मला छिद्र बुजवायला शिकवलं. शेठ, सदूकडे दोऱ्याला लावायचं मेण आहे?

झामनदास : मधमाशीचा? आहे. ए सदू, मेणाचा गोळा दे इकडे! इस्त्री पण?

अण्णा : कोमट. कडकडीत नको, हे कापड वितळेल. आणि एक कोरा कागद. शालन, शिवण ताणून धर. मेण रेषेवर दोन वेळा घासायचं, वर कागद, वरून इस्त्री अलगद. मेण दोऱ्यातून छिद्रात उतरतं. घाई केली तर डाग पडतो, धीर धरला तर कुलूप लागतं.

शालन : शिवणीतला एकच चौकोनी खण करा आधी. ...झाला? आता तुमची ती काळी डेनिम खाली अंथरा, शेठ. मी त्यावर आपटते.

झामनदास : आपटा, आपटा. माझा पाप आहे, मारा त्याला!

शालन : ...काहीच नाही. सर, एक तंतू नाही!

अण्णा : उरलेले खण किती?

शालन : एकोणतीस.

अण्णा : मग बोलत काय बसलीस? धर.

झामनदास : मास्तरसाब, तुमचा घाम पडतो आहे. पंखा लावू?

अण्णा : नको. लव उडेल. हिमालयासाठी लोक तप करतात, शेठ. मला उल्हासनगरचं एवढंसं ऊन सोसवत नसेल तर मी घरीच बसलेला बरा.

शालन : सर, दोन तास झाले. दोन चहा झाले. हा शेवटचा खण.

अण्णा : झाला. झटक.

शालन : झटकू की आपटू?

अण्णा : पेपर तपासतेस ना? मग दयामाया कसली? आपट!

शालन : ...स्वच्छ. काळ्या डेनिमवर काही म्हणजे काही नाही! शेठ, सॅक आणि रजई एकत्र ठेवा काट्यावर.

झामनदास : सात किलो... आणि वीस ग्रॅम.

शालन : मेणाचं वजन.

झामनदास : वीस ग्रॅम काय चीज आहे, मॅडम! मी काट्याला जरासा अंगठा लावतो. पूरा मार्केट लावतो.

अण्णा : अंगठा काढा, शेठ. शालन, बोल.

शालन : सर... तुमची एक ओळ राहिलीय. ती मी कुठून आणू?

अण्णा : शाबास! अगदी शाबास. ती सॅक उघड. डाव्या कप्प्यात, फडक्यात बांधलेलं. हं, तेच.

शालन : पळी-पंचपात्र? सर, हे तुम्ही एक दिवसही सोडलेलं नाही. मुलाच्या लग्नाच्या गाडीतसुद्धा तुमच्या मांडीवर होतं. सदरा काढा त्याऐवजी.

अण्णा : सदरा तिथे लागेल. आयुष्यभर या पळीनं नळाचं पाणी घेऊन त्याला गंगा म्हणत आलो. आता प्रत्यक्ष तिच्या काठी निघालो आहे. तिथे पळी कशाला? ओंजळ आहे.

झामनदास : ...सहा किलो आठशे! मास्तरसाब, सहा किलो आठशे! अंगठ्याशिवाय!

शालन : शेठ, तुमचा पेन द्या.

झामनदास : घ्या. आणि मॅडम, बाकी अकरा नग वर आहेत. सदूला मेण लावायला बसवू?

शालन : बसवा. मंडळात अकराच जण पांघरुणाशिवाय आहेत. पण पुढच्या खेपेला बारीक सुई आणा. सर, यादी ऐका. अनुक्रमांक एक...

अण्णा : एक? ज्येष्ठतेनं लिहू नकोस.

शालन : ज्येष्ठतेनं नाही, सर. वजनानं लिहितेय. सगळ्यांत हलकी सॅक तुमची आहे. शंकररावांचीसुद्धा सहा किलो नऊशे भरली होती.

अण्णा : म्हणजे मी पहिला आलो.

शालन : पहिले आलात. आणि या वेळी मार्क पूर्ण. ...सर, तुमच्या टोपीवर ते एक पीस अजून तसंच आहे. काढू?

अण्णा : असू दे. एवढं वजन चालेल ना, लीडरबाई?