कडूबा मामाच्या नावचं लिंबाचं झाड

नाव द्वारकाबाई भ्र. बद्रीनाथ मुरकुटे, वय अंदाजे ५२ वर्षे (अंदाज हवालदारांचा, मी पंचेचाळीस सांगितलं होतं), धंदा शेती व घरकाम, राहणार केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. दिनांक २७ जून १९९६.

मी आज बोलावल्यावरून ठाण्यात हजर आले असून समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे पती बद्रीनाथ सहा वर्षांपूर्वी मयत झाले. मुलगी नंदाबाई घनसावंगीला दिली आहे. मला दोन खोल्यांचे पत्र्याचे घर आहे. तेवढंच आहे. ते गेलं तर मला मुलीच्या सासरी ओसरीत पडून राहावं लागेल, आणि तिची सासू कशी आहे ते मी इथे सांगत नाही, कारण तो वेगळा जबाब होईल.

आमच्या गावचा संपत कडूबा साबळे याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी त्याच्या वडिलांना, म्हणजे कडूबा मामांना, रोज डब्यातून काहीतरी खायला घालते व त्यांच्या मरणावर टपून आहे. तक्रार मला वाचून दाखवली. त्यातलं मी डबा नेते एवढं खरं आहे. बाकीचं झाडापासून सांगावं लागतं. हवालदार म्हणाले, थोडक्यात सांगा. मी म्हणाले, तुम्ही तसल्या झाडाखाली एक रात्र झोपा, मंग थोडक्यात सांगून दाखवा.

माझ्या घराच्या मागे लिंबाचे, म्हणजे कडुलिंबाचे, जुने झाड होते. दोन वर्षांपूर्वी ते वाळले आणि मागच्या पावसात घराकडे कलले. त्याची सगळ्यात जाड फांदी मी झोपते त्या खोलीवर आली होती. वारं सुटलं की ती पत्र्याला घासायची. मी बाज ओढून दाराशी घेतली होती, म्हणजे उठून पळता येईल.

भोकरदन रस्त्याला लालमियाँ यांची लाकडाची वखार आहे. मी त्यांना बोलावून आणले. त्यांनी झाडाला फेरी मारली, मग घराला मारली, आणि म्हणाले, "भाभी, झाड खराब न्हाई, जागा खराब हाय. हे तोडलं की बराबर घरावर येतं. घर थोडं सरकवता का?" मी म्हणाले, "मारा धक्का, सरकलं तर सरकलं." त्यांनी मजुरी सांगितली तेवढ्यात माझी तिसरी खोली उभी राहिली असती, आणि वर लाकूडही त्यांनाच पाहिजे होते. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

त्यानंतर मी विजेच्या लाइनमनला विचारले. तो म्हणाला, झाड तारेला लागत असलं तर आम्ही फुकट तोडतो, पण तुमचं लागत नाही. मी म्हणाले, मंग लावा की तार! तो हसत सायकलवर बसून गेला. मी मस्करी केली नव्हती. पुढे एका कचेरीत गेले. कोणत्या ते सांगत नाही, उद्या तिथे परत काम पडायचं. तिथे सांगितले की झाड पडले की लगेच कळवा, आम्ही पंचनाम्याला येऊ.

एप्रिलच्या शेवटी कडूबा मामा आजारी पडले. ते माझे नात्याने कोणी नाहीत, पण माझ्या सासऱ्याच्या बरोबरीचे, म्हणून मी मामा म्हणते. डॉक्टरने घरी न्या म्हणून सांगितले. त्यांची वाचा गेली. त्यांना जमिनीवर घेतले. मीही बायकांत जाऊन बसले. त्या वेळी संपत सरणाच्या लाकडाची चौकशी करून राह्यला होता. सगळ्यांचं सरपण संपलेलं. मी म्हणाले, "माझ्या घरामागचं लिंब न्या. मला एक पैसा नको."

आमच्याकडे मयताच्या लाकडाची मजुरी कोणी मागत नाही. भावकी आपल्या कुऱ्हाडी घेऊन येते, तोडते, फोडते, घेऊन जाते. बसलेल्या बायका म्हणाल्या, द्वारकाबाई मोठ्या मनाची. मी मान खाली घातली. माझ्या मनात त्या वेळी पत्रा होता. हे लिहा, मला लपवायचं नाही.

म्हातारं संध्याकाळ बघत नाही असं सगळेच म्हणत होते, म्हणून लाकूड तयार असावं यासाठी आठ-दहा जण दुपारीच माझ्याकडे आले. त्यांनी वर दोर बांधला, गल्लीकडच्या बाजूने घाव घातले. चांगलं काम चाललं होतं. झाड अर्ध्यापर्यंत तुटलं आणि मामांचा धाकटा मुलगा वसंता ओरडत आला, "थांबा! थांबा! म्हातारं उठलं. चहा मागून राह्यलं!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "बरं झालं माय, देव पावला. पण आता तेवढं पुरं करून जा." हे मी बोलले. संपतने तक्रारीत हेही लिहिलं आहे, ते बराबर आहे. पण भावकीतले एक म्हातारे म्हणाले, जित्या माणसाच्या नावानं लावलेली कुऱ्हाड पुढं चालवली तर त्याला आपणच ढकलल्यासारखं होतं. सगळ्यांनी कुऱ्हाडी खांद्यावर टाकल्या आणि चहा प्यायला संपतकडे गेले. दोर झाडालाच राहिला.

अगोदर वाळलेलं झाड होतं, आता अर्धं तुटलेलं वाळलेलं झाड झालं. वाऱ्याने त्याची चीर उघडायची आणि मिटायची. मी बाज अंगणात काढली. मजुरी देते म्हणाले तरी कोणी हात लावीना, म्हणे ते कडूबाच्या नावचं झाड आहे. पंधरा दिवसांनी गोजरबाई नावाची म्हातारी वारली. मी धावत गेले आणि झाड देऊ केले. तिचा मुलगा माझ्यावरच उखडला, "दुसऱ्याच्या नावचं लाकूड माझ्या आईला? जरा तरी लाज वाटू द्या काकू!" मला लाज वाटली, पण मला घरही होतं.

म्हणून मी रोज कडूबा मामांच्या तब्येतीची चौकशी करायला जाऊ लागले. कशासाठी ते गावाला समजत होतं. रिकाम्या हाताने जाऊन "कसं काय मामा" विचारणं बरं दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी थोड्या ज्वारीच्या कण्या शिजवून नेल्या. मामा गोठ्याला लागून असलेल्या छपरात पडून होते. उशाला पाण्याचा तांब्या होता, तोही कोरडा. संपत म्हणत होता या महिन्यात वसंताची पाळी, वसंता म्हणत होता संपतची. मामा जमिनीवर होते तेव्हा दोघांचीही पाळी होती.

मामांनी कण्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी दुधात भाकरी कुस्करून नेली, तीही खाल्ली. मग वरण, मग पिठलं. आठवड्यात ते उठून बसले. पुढच्या आठवड्यात भिंत धरून चालले. मी घरी येऊन झाडाकडे बघायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे. आपल्याच हाताने मी म्हाताऱ्याला ठणठणीत करून राह्यले होते. पण उशाला तांब्या कोरडा दिसला की मला डबा न्यायचं थांबवता आलं नाही. एखाद्या दिवशी न न्यायचं ठरवून मी चुलीपुढे बसून राहायचे, आणि मग उशीर झाला म्हणून पळत जायचे.

मामांना सगळं ठाऊक होतं. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "द्वारका, झाड उभं हाय का गं अजून?"

मी म्हणाले, "हाय मामा."

"मी बी हाय," म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडाने इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांची पाठ चोळली.

या महिन्यात वारं वाढलं. एका सकाळी मामा काठी टेकत माझ्या घरामागे आले. झाड बघितलं. मग पारावर जाऊन बसले आणि तिथल्या लोकांना मोठ्याने म्हणाले, "हे झाड माझ्या नावचं हाय ना? मी ते सोडलं. मला गोवऱ्यांत जाळा, पण या बाईच्या डोक्यावरचं भ्या काढा." तेव्हा सगळे म्हणाले, वा वा, आता काही अडचण न्हाई. पण उठलं कोणी नाही. कोणाला पेरणी आठवली, कोणाचा बैल आजारी पडला. मामा म्हणाले, "मेलेल्यासाठी फुकट येता, आन् जित्यासाठी मजुरी लागती व्हय रे तुम्हाला?" आणि पुढे म्हणाले की माझी दोन पोरं आहेत, पण मी जिता आहे तो या परक्या बाईच्या भाकरीवर. संपत तिथेच बसला होता. तो उठून गेला.

ही गोष्ट लालमियाँपर्यंत गेली. ते माणसं आणि दोर घेऊन आले आणि म्हणाले, "भाभी, अर्धं काम मयतवाल्यांनी केलंच हाय. मला नुस्तं लाकूड द्या, मजुरी सोडली." त्यांनी जल्दी न करता दोन बाजूंनी दोर लावून झाड गल्लीत पाडले. एक पत्रा वाकला, बाकी काही झाले नाही. मामा काठीवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत उभे होते. अशा रीतीने झाड फुकटात गेले. त्या रात्री मी खोलीत झोपले.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर संपत छपराच्या तोंडाशी उभा. म्हणाला, "काकू, झाड तर गेलं. मंग आता डबा कशाला?"

मी म्हणाले, "तुझा बाप उपाशी हाय म्हणून."

"आमच्या बापाचं आम्ही बघू."

"मंग बघ की! मी काय तुझा हात धरलाय?" एवढं म्हणून मी आत गेले. मामा जेवले. पुढचे चार दिवसही मी गेले, आणि काल संपतने तक्रार दिली. मी म्हातारा मरायची वाट बघत डबा नेत होते तोवर याला काही वाटलं नाही, रोज समोरून जायचे, काकू या म्हणायचा. आता मला म्हाताऱ्याकडून काही नको, तर माझ्या दारात पोलिसांची जीप आली.

आज सकाळी मी डबा घेऊन निघतानाच मला इथे आणले. डबा जप्त केला आहे. त्यात पिठलं, दोन भाकरी आणि कांदा आहे. हवालदारांनी झाकण काढून वास घेतला व तो तपासणीला पाठवावा लागेल असे सांगितले. पाठवा. पण उन्हाने पिठलं आंबेल, आणि मंग त्यात काही निघालं तर ते माझ्या नावावर लावू नका. मी त्यांच्यासमोर डब्यातली अर्धी भाकरी खायला निघाले होते, तर पुरावा खाता येत नाही म्हणाले.

मला विचारण्यात आले की, झाड गेल्यानंतर डबा नेण्यामागे तुमचा हेतू काय. मी सांगितले, हेतू काही नाही. त्यावर हवालदार म्हणाले, हेतू नाही असं साहेब चालू देत नाहीत, काहीतरी सांगा. तर लिहा. माझा माणूस गेल्यापासून मी एका वेळी स्वयंपाक करून दोन वेळा खाल्ला. कधी नुसतं तिखट-मीठ. एकटीसाठी चूल पेटवायचा मला कंटाळा यायचा. परवा मामा पहिला घास खाऊन म्हणाले, "द्वारका, आज मीठ कमी पडलं." सहा वर्षांत मला असं कोणी म्हणालं नव्हतं. मी घरी येऊन खूप रडले. उद्या मी मीठ बघून टाकणार आहे आणि डबा नेणार आहे. हा माझा हेतू आहे.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी सांगितला तसाच आहे, तो मला मान्य आहे. मामांचं दुपारचं जेवण राहिलं आहे, तरी मला लवकर सोडावे, हेही माझ्या सांगण्यावरून लिहिले. सही येत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला.