मसुदा माझा, सही पद्माकरची

...नाही, तुम्हीच सांगा, मेलेल्या माणसानं माझ्या नाटकाचा दुसरा अंक दुरुस्त करावा का? परवा मी नायिकेला खोकला दिला, बदल नोंदवला, आणि खाली नाव कुणाचं? पद्माकरचं! आणि पद्माकर तर होळीच्या आधीच गेला हो!

तुम्हाला सांगतो, द्वारकेतल्या आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक, जन्मात पहिल्यांदा मी लिहितोय. दुरुस्त्या सुचवणारे ढीगभर, मग खरी प्रत कोणती? माझी शिवांगी सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाली, ‘बाबा, रेपॉझिटरी करा ना यार! सगळं नेटवर एका जागी, कुणी काय बदललं त्याची नोंद आपोआप.’ मी खूश... म्हणजे लेखक कोण ते कायमचं नोंदलं जाणार! पण मंडळाचा अध्यक्ष पद्माकर, ऑफिसातला माझा साहेब! ‘हरिदास, आपली फाइल परक्याच्या कपाटात? बिल्कुल नाही!’ सर्व्हर बसवला स्वतःच्या घरी, देवघराशेजारी. ‘आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन कशाला? माझंच वापरा सगळे!’ झालं! लिहा कुणीही, खाली नाव कुणाचं? पद्माकरचं!

मग हा गेला, सर्व्हरचा डबा माझ्या घरी आला, आणि चालूच. हिरवा दिवा लुकलुकतोय, आतला पंखा घरघरतोय... फाइल वाचताना पद्माकर घशातून काढायचा ना, अगदी तोच आवाज! मी विनोद लिहिला की घरघर वाढते, खोटं नाही सांगत!

शेवटी शिवांगीला म्हटलं, बाई, माझं नाव घाल. घातलं तिनं. दिवसभर स्क्रीनवर ‘हरिदास, हरिदास’ बघत बसलो, जेवलोसुद्धा नाही नीट... आणि दुसऱ्या सकाळी कुमुदवहिनींचा फोन. म्हणजे पद्माकरच्या मिसेस. प्रत्येक बदलाचा मेल म्हणे त्याच्या मोबाइलवर येतो, ‘पद्माकर यांनी बदल केला’, आणि वहिनी तो देवापुढे बसून वाचतात.

‘भाऊजी, कालपासून तुमचंच नाव येतंय. ह्यांचं काहीच नाही हो... बरे असतील ना?’

अख्खी नोकरी मसुदा मी लिहिला, सही ह्यानं केली. वाटलं होतं, निवृत्तीनंतर तरी... जाऊ दे! शिवांगीला म्हटलं, काढ माझं नाव.

आज शेवटचा अंक पुरा केला. खाली नाव कुणाचं, विचारूच नका. लगेच वहिनींचा फोन, आवाज कसा फुललेला!

‘भाऊजी, ह्यांनी नाटक संपवलं! तुम्ही एकदा नजर घाला हं, चुका असल्या तर सांभाळून घ्या.’

घेतो म्हटलं. सवय आहे.