आज्यांची हैदराबाद सहल

हैदराबाद म्हटलं की मला आमच्या आज्याच आठवतात. भूमच्या शाळेत मी नवी मास्तरीण होते आणि पोरींना चारमिनार, गोवळकोंडा दाखवायचाच, असं ठरवलं होतं. शांताचे वडील म्हणाले, "घरचं मोठं माणूस असल्याबिगर पोरी धाडणार न्हाय." बाकीच्या बापांचंही तेच.

मी तडक वर्गातल्या अमिनाच्या आजीकडं गेले. त्या म्हणाल्या, "मैं आती ना! मेरे कू भी चारमिनार देखना है."

हे कळल्यावर घरोघरच्या आज्या 'आम्हीबी जाणार' म्हणून हटून बसल्या. आपल्या आईला न्हाय कोण म्हणणार?

निघायच्या दिवशी शांताच्या वडलांनी आईला हात देऊन एसटीत चढवलं. "बाई, आईला सांभाळा. लई भोळी हाय."

मी म्हटलं, "काळजी करू नका. तुमची शांता हाय की संगं!"